दहावी घंटा

ओताऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि त्याने शब्द दिला होता: लेक पैज जिंकली, तर तिने परगावी गणित शिकायला जायचं; हरली, तर त्याचं नाव काढायचं नाही, गुमान भट्टीवर उभं राहायचं. पोरगी एकदा गेली की परत कशाची येते, ही त्याची खरी भीती. पण ती बोलून कोण दाखवतो?

पैज लेकीनेच लावली होती. "बाबा, या दहा वेगवेगळ्या सुरांच्या घंटा दांडीवर हव्या तशा टांगा. मी डावीकडून उजवीकडे जाईन, मधल्या वाटेल तेवढ्या सोडेन, पण चार अशा वाजवेन की सूर चढतच जाईल, नाहीतर उतरतच जाईल."

"अगं, यांचे सूर लावण्यात माझे केस पांढरे झाले!" ओतारी हसला, आणि मोठीशेजारी चिमुकली, चिमुकलीशेजारी मधली असा पार गोंधळ घालून मोकळा झाला. लेक चालत गेली. टण, टण, टण, टण. सूर चढत गेला. त्याने सगळ्या काढून पुन्हा टांगल्या. या वेळी उतरला. दुपारपर्यंत त्याचे खांदे भरून आले आणि डोकं तापलं.

शेवटी लेकीलाच दया आली. "एक काढा. नऊ असल्या तर जिंकता येईल."

मग काय, गडी इरेला पेटला. आधी खालच्या सुरांच्या तीन, उतरत्या. मग त्यांच्याहून वरच्या तीन, उतरत्या. मग सगळ्यांत वरच्या तीन, त्याही तशाच. लेकीची गाडी तीनच्या पुढे सरकेना. "बघ!" तो ओरडला, आणि उरलेली दहावी घेऊन एकेका फटीत धरून पाहू लागला. इथे धरली तर चढत्या चार. तिथे धरली तर उतरत्या चार. अगदी टोकाला धरली तरी तेच.

त्याच्या अंगावर काटा आला. घंटा त्याने ओतलेल्या, टांगणारा हात त्याचा. "मग हे ठरवतंय कोण गं?"

"कुणीच नाही." लेकीने दहावी टांगली आणि प्रत्येकीखाली खडूने दोन आकडे लिहिले. "हिच्यापर्यंत सूर चढत यायचा तर जास्तीत जास्त किती घंटा, आणि उतरत यायचा तर किती. पुढची कुठलीही घंटा मागच्या कुठल्याही घंटेपेक्षा चढी तरी असणार नाहीतर उतरी तरी, म्हणजे तिचा एक आकडा त्या मागचीपेक्षा वाढणारच. दोघींची जोडी सारखी येणं शक्यच नाही. आणि तीनपर्यंतच्या आकड्यांच्या जोड्या होतात नऊच. दहावीने जायचं कुठे? कुणाच्या तरी खाली चार येणारच."

ओताऱ्याने खडूची एकेक जोडी बोटाने मोजून पाहिली. "हे तिथे अगदी शेवटी शिकवत असतील, नाही?"

"छे हो बाबा! हे तर सुरुवातीलाच."

त्याने पुन्हा एकदा त्या आकड्यांकडे पाहिलं. सुरुवातीलाच हे, मग पुढे काय काय असेल!

"परत येशील ना," तो म्हणाला, "तेव्हा तो शेवटचा धडा आधी मला सांगायचा. इतर कुणाला नाही."

आणि माळ्यावरची प्रवासाची पेटी काढायला तो शिडी शोधू लागला.