जामचं वेगळं लाइव्ह

देवकाबाईंनी खोलीत पाऊल टाकलं की आदेश लॅपटॉप मिटवायचा. ही त्याची खोड त्यांना कुसळासारखी सलत होती. दिराचं पोर, आईबापांमागं त्यांनीच वाढवलेलं, त्यांना मोठ्याई म्हणणारं. त्यानं त्यांच्यापासून लपवावं असं त्या डबड्यात होतं तरी काय?

देवळी गावचं कापसाचं जिनिंग आणि जाम गावची ऑइल मिल, दोन्ही देवकाबाईंच्या हाताखाली. शाळेत त्या दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण दोन्हीकडचं फाटक त्यांच्या होकाराशिवाय उघडत नसे. पूर्वी नुसती मान हलवायच्या; सॉफ्टवेअर आल्यावर सून आकांक्षानं फोनवर हिरवं बटण करून दिलं. ट्रक भरला की फोन वाजे, त्या अंगठा दाबत, मग ट्रक हाले.

दिवाळीनंतर आकांक्षानं दोन्हीकडचा कारभार वेगळा केला. जामसाठी सॉफ्टवेअरमध्ये काही बदलायला गेलं की देवळीचा वजनकाटा बंद पडायचा आणि ऐन हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत तुंबायच्या. म्हणून देवळीचं लाइव्ह, म्हणजे रोजच्या कामाचं चालू सॉफ्टवेअर, वेगळं, जामचं वेगळं. एक बिघडलं तरी दुसरं चालू. देवळीचं आकांक्षा पाही, जामचं आदेश. देवळीची हुबेहूब नक्कल करूनच जामचं उभं केलं, माणसं, परवानग्या, सगळं त्यात आलं, असं आकांक्षानं सासूला नीट समजावलं होतं.

देवकाबाईंनी हूं म्हटलं, पण मनात पाल चुकचुकली. घर फुटतं ते असंच. आधी सोयीसाठी चूल वेगळी होते, मग वाटणी येते. त्यात जामचा फोन वाजेना. देवळीचे ट्रक दिवसभर परवानगी मागत, जामहून चकार शब्द नाही. विचारलं तर आदेश म्हणे, सध्या काम मंद आहे. जाम हातचं चाललं, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

एका सकाळी त्यांनी कोणाला न सांगता गाडी काढायला लावली. जामच्या फाटकाशी उतरतात तोच सरकीच्या ढेपेनं खच्चून भरलेला ट्रक त्यांच्या पुढ्यातून हायवेला लागला. फोन मुठीत मुकाच. दरवान प्रेमदासला विचारलं, तर तो खाली पाहत म्हणाला, आदेशभाऊंचा होकार आला होता.

आत आदेशनं खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. मोठ्याईचं नाव नवीन लाइव्ह बनवताना मागं राहून गेलं असेल, मशीनचं काम आहे, असं तो भिंतीकडे पाहत बोलला.

"प्रेमदासचं नाव आलं?"

"आलं."

"काट्यावरच्या भूपेंद्रचं?"

"तेही आलं."

"सगळ्याइचं आलं, अन् मी एकटीच देवळीच्या फाट्यावर उतरली काय?"

आदेशचा चेहरा पडला. मग त्यानं सांगून टाकलं. नाव त्यानंच काढलं होतं. मोठ्याई प्रत्येक ट्रकमागं फोन करायच्या; ड्रायव्हर कोणत्या गावचा, कोणाचा पोरगा, ढेप कोणाच्या दारी चालली. तोवर गाड्या उन्हात उभ्या. ट्रकवाले जामचं भाडं नको म्हणायला लागले होते. जाम तोडून न्यायचं त्याच्या मनात नव्हतं. फक्त सांगायची छाती झाली नाही.

ड्रायव्हरांचं म्हणणं खोटं नव्हतं. कालच देवळीच्या ट्रकवरच्या अल्लीपूरच्या एकाला त्यांनी त्याच्या सासुरवाडीपर्यंत चौकशी करून दमवलं होतं. पण ते त्यांनी पोटातच ठेवलं.

"आदेश, तू तोंडावर म्हटलं असतं ना, का मोठ्याई, तुह्या विचारपुशीनं गाड्या अडून राह्यल्या, तर मी तुले दोन शिव्या देल्या असत्या अन् जामचं बटण तुह्या हातात ठेवलं असतं. तू मले न सांगता काढलं. अडलेल्या गाड्या सुटतात, बापू. पण आता तू खरं सांगशील तवाबी मी जाऊन प्रेमदासले विचारीन. उद्यापासून जाम आकांक्षाकडे. तू देवळीले येजो, माह्या डोळ्यासमोर बसजो."