बंद डोह

"मधोमध बसा बाई. एका अंगाले झुकल्या त आपन दोघंही पान्यात," फकिरा भोई म्हणाला आणि त्याने बांबूने डोंगा लोटला.

हंसाबाई जीव मुठीत धरून बसली होती. तांड्यावर तिचा दरारा मोठा. भांडायला उभी राहिली तर भलेभले पुरुष गोठ्यात काम काढत. पण पाण्याचं आणि तिचं कधी जमलं नाही. शेत, बैलगाडी आणि फार तर उमरखेडला जाणारी एसटी, एवढ्यावर तिचा संसार चालत आला होता. पैनगंगेच्या दोन धारांमध्ये उंचवट्यासारखं एक बेट होतं, त्यावर भोयांची मूठभर खोपटी. तिथे जायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती एक गोष्ट विचारायला निघाली होती. साठ सालच्या पुरात तिचा नवरा पलीकडच्या बाजारातून परतताना बैलाचं शेपूट धरून नदीत उतरला. संध्याकाळी बैल एकटाच, ओलाचिंब, दारात येऊन उभा राहिला. भोयांनी चार दिवस नदी धुंडाळली. हाती काहीच लागलं नाही. मग लोकांच्या जिभा सुटल्या. कोणी म्हणालं, वाहून गेला. कोणी म्हणालं, कसला वाहतो, तेलंगणात दुसरं घर मांडून बसला असेल. असं बोलणाऱ्यांना हंसाबाई चारचौघांत शिव्या घालायची, पण खरं सांगायचं तर मनातून त्यांच्यावर खूश असायची. दुसरं घर मांडलेला माणूस निदान जिवंत तरी असतो.

आता मुलीचं, रुपीचं, लग्न ठरलं होतं. तांड्याचा नायक उत्तमसिंग घरी येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "हंसा, लग्नात तू चुडा घालून बसशील का उतरवून, हे आता तुलेच ठरवा लागन." नवरा जिवंत असलेल्या बाईने घालायचा दंडापर्यंतचा पांढरा चुडा तिने दोन वर्षं उतरवला नव्हता. कोणाची उतरव म्हणायची हिंमतही झाली नव्हती.

शिवाय एक काटा तिच्या मनात रुतून बसला होता. उमरखेडच्या बाजारात हे भोई दिसले की तिला पाहून तोंड फिरवत. फकिराची बायको रुक्माबाई तर एकदा मासळीची टोपली उचलून भलत्याच गल्लीत शिरली होती. निर्दोष माणूस असा पळतो का? त्यांना तो सापडला असणार, त्याच्या कमरेचा चांदीचा करदोडा काढून घेऊन त्यांनी त्याला परत पाण्यात सोडला असणार, असं तिने घरबसल्या ठरवून टाकलं होतं. आज तोंडावर विचारायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा.

फकिराने मात्र काठावर तिला पाहिलं तेव्हा काही न विचारता डोंगा जवळ आणला होता. बेटावर उतरल्यावर रुक्माबाईने खोपटासमोर गोणपाट अंथरलं, पाण्याचा तांब्या दिला आणि जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर आणि लाल तिखटाचा रस्सा. रश्श्यात करंगळीएवढ्या मासोळ्या. आजूबाजूच्या बायका जाळी विणत बसल्या होत्या. पाहुणीकडे बघायचं नाही असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

भांडायला आलेल्या माणसाला आधी जेवू घातलं की त्याची पंचाईत होते. हंसाबाईचं तेच झालं. करदोड्याची गोष्ट ओठांवर येऊन परत गेली आणि भलतंच तोंडातून निघालं.

"नदीत राह्यता आन असे मासे खाता व?"

"मिळते थे खातो, बाई," रुक्माबाई म्हणाली.

"मिळते कायचं? थ्या तिकडं पाहा." खोपटासमोर नदी रुंद आणि संथ झाली होती. हिरव्या, खोल पाण्यात हातभर मासे उसळून पुन्हा आत जात होते. तिथे ना एक डोंगा होता, ना एक जाळं. "इतके मासे उड्या मारून राह्यले. तिथं जाळं काहून नाही टाकत?"

विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. रुक्माबाईने नवऱ्याकडे पाहिलं. फकिराने विडी विझवून कानावर ठेवली.

"आता तुमीच इचारलं, तवा सांगतो," तो म्हणाला. "आमाले आपल्या तोंडानं काढता येत नव्हतं. ज्या डोहानं मानूस नेलं, त्या डोहात आमी जाळं टाकत नाही. त्याच्या घरच्यानं येऊन जाळ्याले हात लावा, त्याचं नाव घ्या, मंगच डोह मोकळा होते. आन हे मांगाचं नसते. मांगून घेतलं त थे चालत नाही."

"मनून बाजारात तोंड फिरवत होता?"

"नजरेनंही मांगनं होऊ नये मनून," रुक्माबाई म्हणाली. "टोपली घेऊन पळाली मी, आठवते न? गुडघा फुटला माह्या."

हंसाबाईला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. दोन वर्षं जपून ठेवलेला संशय असा एका घासात संपला, याचंच तिला वाईट वाटलं. संशय होता तोवर भांडायला कोणीतरी होतं.

"पन थे याच डोहात गेले, हे कशावरून?"

"मी काठावर होतो, बाई. बैल निंघाला. थे नाही निंघाले. एकदा हात दिसला. मी डोंगा लोटला, पन पान्यानं मलेच उलटं फेकलं." फकिराने कानावरची विडी चाचपली. "हे मी त्याच दिवशी सांगतलं होतं. तुमच्या दारात उभा राहून. तुमी म्हन्ल्या, मानूस दाखव. मानूस मह्यापाशी नव्हता."

तिला आठवलं. दारात भिजलेला एक माणूस उभा होता आणि तिने त्याच्या अंगावर पायातली वहाण फेकली होती. तो हाच होता.

"आन मी नाव नाही घेतलं त?"

"त नका घेऊ," रुक्माबाई सहज म्हणाली. "डोह कुठं पळून चालला? गडी सडकेच्या कामावर जातात, लेकरं झिंगे खातात. चालून राह्यलं आमचं."

हंसाबाई उठली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'रुपीचा बाप' एवढंच. पंचनाम्याच्या वेळीही तिने दिराला पुढे केलं होतं. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने शिकवलं होतं, आणि तिने ते नाव दोन वर्षं अजूनच जपलं. आज ते घ्यायचं म्हणजे आता कमी व्हायला काही उरलं नाही, असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. तिला त्याचा भयंकर राग आला. पूर दिसत नव्हता का? एक दिवस पलीकडे थांबला असता तर काय बिघडलं असतं? मग राग ओसरला आणि नुसती त्याची आठवण आली, भाकरीत मीठ कमी पडलं तरी न बोलता खाणाऱ्या माणसाची.

मागे बायका मान खाली घालून विणत होत्या. कोणी तिला घाई केली नाही. दिवस कलायला लागला तशी ती वळली.

"आना जाळं."

फकिराने फेकजाळं आणून तिच्या ओंजळीत दिलं. तिने ओठ हलवले. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला.

"भावसिंग."

"पान्याले ऐकू जाऊ द्या, माय," फकिरा हळूच म्हणाला.

"भावसिंग," ती मोठ्याने म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा रडत होती. रुक्माबाई तिला धरून बसली.

फकिराने जाळं फेकलं. ओढताना त्याचा चेहरा ताणलेला होता; जाळ्यात काय येईल याचा नेम नव्हता. वर आलं ते चिखल, एक कुजकी फांदी आणि तडफडणारे मरळ मासे. दुसरं काही नव्हतं. बायका टोपल्या आणायला धावल्या.

फकिरा तिला पोचवायला निघाला तेव्हा बेटावर चुली पेटल्या होत्या. डोंगा डोहाच्या मध्यावर आला आणि काठावरून एका बाईची हाक ऐकू आली, "अवो, भावसिंगातले मोठे इकडं टाका, धाकले तिकडं."

फकिराचा बांबू अडखळला. "वाईट नका मानू, बाई. आमच्यात डोहाले असंच नाव पडते. आता पिढ्यानपिढ्या थेच म्हनतीन."

हंसाबाई मागे वळून त्या बायकांकडे बघत राहिली. डोंगा काठाला लागला. खाली उतरून तिने पायावरचं पाणी झटकलं.

"होळीच्या आंधी पोरीचं लगन हाय," ती म्हणाली. "समदे येजा. बायकालेकरं घेऊन."

"येऊ न. पन तांड्यात कोनाचं घर मनून इचारू?"

"भावसिंगचं," हंसाबाई म्हणाली.