लाडू गावकराचा आवाज

जोयड्यात बसस्टँडच्या मागे अश्विनीचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक खोली, भिंतीवर जुन्या गोधड्या ठोकलेल्या, टेबलावर कॉम्प्युटर आणि एक माईक. जीपवरून फिरवायच्या जाहिराती, नाटकाची घोषणा, बारशाच्या व्हिडिओवरचं निवेदन, जे येईल ते ती रेकॉर्ड करते. बाई हुशार, पण तोंडाची तिखट, आणि कामाची घमेंड एवढी की समोरचं माणूस रडत बोललं तरी तिला आधी आवाज फाटलेला ऐकू येतो.

तिच्याकडे प्रज्योत आपल्या बापाला जीपमधून घेऊन आला. बाप म्हणजे लाडू गावकर, दिग्गीच्या वाटेवरच्या एका लहानशा गावाचा मानकरी. पावसाळ्यात म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. हातपाय सावरले, जीभ काही सावरली नाही. आणि जत्रा तर तोंडावर आलेली.

जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान गावकराचा. तो देवाकडे तोंड आणि गावाकडे पाठ करून उभा राहतो, एकेका घराचं नाव घेऊन मागणं मागतो आणि थांबतो. मग मागून सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." गावकर जिवंत असेपर्यंत मुलाने तिथे तोंड उघडायचं नाही. गावकराची जीभ अडखळली तर मान भावकीतल्या गणपती नावाच्या माणसाच्या घरात जाणार, आणि गणपती नवं धोतर आणून तयारच बसला होता. प्रज्योतला हे कसं सोसावं? त्याने नामी तोड काढली. पाठ तर गावाकडेच असते, ओठ कोण बघतंय? आपण आधीच गाऱ्हाणं म्हणून ठेवायचं, अश्विनीने त्याला बापाचा आवाज द्यायचा, जत्रेत ते कर्ण्यावर लावायचं, आणि बापाने नुसतं माईकपुढे उभं राहायचं. देव ऐकेल ते ऐकेल, गावाला कळू नये, एवढीच त्याची भक्ती.

गेल्या जत्रेतलं लाडूचं गाऱ्हाणं कुणाच्या तरी फोनमध्ये होतं. दर वर्षाचं दुखणं वेगळं, त्यामुळे ते जसंच्या तसं चालणार नव्हतं. अश्विनीने ते नमुन्याला ठेवलं आणि प्रज्योतचा आवाज त्या सुरापर्यंत खाली ओढला. लेकाचा गळा चिरका, बापाचा भरदार. पहिल्या खेपेला दशावतारी नाटकातला राक्षस बोलतोय असं वाटलं. सूर खाली न्यायचा पण गळा माणसाचाच ठेवायचा, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती तिने लावली. तरी प्रत्येक वाक्याच्या टोकाला टक् टक् खटके येत होते आणि "म्हाराजा" लांबवला की आवाज थरथरत होता. खटके जोडावर येतात हे तिला ठाऊक होतं. तिने प्रत्येक तुकडा शांत जागी कापला, सुरुवात आणि शेवट हळूच विरवले. 'स' आणि 'श' चरचरत होते, तेवढे मूळचेच ठेवले. थरथर जाईना, तेव्हा प्रज्योतला दरडावून ते शब्द आखूड म्हणायला लावले. शेवटी इतकं बेमालूम झालं की लाडू स्वतःच दचकून दाराकडे बघायला लागला. अश्विनीला हसू आलं. असं काम जमलं की तिला दुसरं काही दिसत नाही.

मग म्हातारा उठला आणि माईकपुढे येऊन बसला. त्याला बोलायचं होतं. अश्विनीने रेकॉर्डिंग सुरू केलं. बऱ्याच वेळाने कसाबसा आवाज फुटला.

"रा... रा... खी."

राखी त्याची मुलगी. तिने परजातीतला नवरा केला, तेव्हा ह्याच लाडूने भर गावात तिचं नाव टाकलं होतं. नाव टाकलेल्या मुलीला गावात परत घ्यायची एकच वाट. गावकराने गाऱ्हाण्यात तिचं नाव घ्यायचं आणि गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वर्षानुवर्षं ती जत्रेत लांब उभी राहून वाट बघायची आणि लाडू वर्षानुवर्षं तिचं नाव गाळायचा, तेव्हा त्याची जीभ चांगली तलवारीसारखी चालत होती. आता अक्कल आली, तर जीभ गेली. यंदा नाव घेणार, असा निरोप त्याच्या बायकोने, फुलाने, राखीला धाडलासुद्धा होता.

प्रज्योतचं डोकं फिरलं. बहिणीपायी त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती, ते तो विसरला नव्हता. अश्विनीने सांगून पाहिलं, "रा" आणि "खी" जवळ आणून जोडता येतील, कुणाला कळायचं नाही. हे तिने दयेपोटी सांगितलं असं समजू नये. तिला ते जमतंय का ते बघायचं होतं.

"ती खरखर काढून टाक," प्रज्योत म्हणाला.

तिने काढली. पडद्यावरचा तो लहानसा तुकडा नाहीसा झालेला लाडूने पाहिला आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

जत्रेला सगळा गाव लोटला. लाडूला नवं धोतर नेसवून देवापुढे उभं केलं. माईकची वायर दिसायला हवी म्हणून ती अश्विनीपुढच्या साउंड मिक्सरला जोडली होती, पण आवाज वाढवायची सरकपट्टी तळाला, म्हणजे कर्ण्यातून त्याचं काहीच बाहेर पडणार नव्हतं. म्हातारा खोकतो की काय, ते कळावं म्हणून अश्विनीने त्याचा माईक फक्त स्वतःच्या हेडफोनमध्ये घेतला होता. प्रज्योत तिच्या शेजारी उभा होता. कर्ण्यातून गाऱ्हाणं सुरू झालं. एकेक घर, एकेक दुखणं, आणि गाव भरल्या गळ्याने "व्हय म्हाराजा" म्हणत होता. गणपतीने मान खाली घातली. पार मागे, फणसाखाली, राखी लेकराला कडेवर घेऊन उभी होती.

लाडूच्या घराची पाळी आली. बायकोचं नाव झालं, प्रज्योतचं झालं, आणि गावाने हुंकार भरायला जागा सुटली. तेवढ्यात अश्विनीच्या कानात म्हातारा बोलला. "राखी. माझी लेक राखी." एक खटका नाही, एक थरथर नाही. एवढा स्वच्छ आवाज तिने आजवर रेकॉर्ड केला नव्हता. बाहेर गाव ओरडला आणि त्यात देवापुढच्या माणसांनासुद्धा काही ऐकू आलं नाही. तिचं बोट पट्टीवर होतं. वर सरकवलं असतं तर सगळ्या जत्रेने ऐकलं असतं, पण एका माणसाचे दोन आवाज ऐकू आले असते आणि तिचं एवढं नेटकं काम सगळ्यांपुढे उघडं पडलं असतं. लाडू पुन्हा तेच म्हणाला. पुन्हा म्हणाला.

तिचा चेहरा बघून प्रज्योतने विचारलं, काय झालं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "खरखर."

गाऱ्हाणं संपलं. लोक म्हणाले, गावकराचा आवाज यंदा पहिल्यापेक्षा खणखणीत लागला. प्रज्योत नारळ फोडायला पुढे गेला. गर्दीच्या कडेकडेने राखी मिक्सरपाशी आली. लेकरू झोपलं होतं.

"अक्का, बानं माझं नाव घेतलं काय? मागं नीट ऐकू आलं न्हाई."

"न्हाई घेतलं," अश्विनी म्हणाली. "मशीन माझ्याम्होरं हाय. एक शब्द सुटला न्हाई."

राखीने मान हलवली. तशी ती दर वर्षी हलवत आली होती. लेकराच्या डोक्यावर पदर ओढून ती जीप लागते तिकडे चालायला लागली.

लाडू अजून माईकपुढेच उभा होता, गावाकडे पाठ करून. अश्विनीने हेडफोन काढला आणि वायर गुंडाळायला घेतली.