स्लायगोची सहा व्हाउचरं

प्रताप देशकरला वाटेत मांजर आडवं गेलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा बिबट्या झालेला असे, आणि बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही मोजून झालेले असत. नागपुरात हे खपून जाई. तिथे ऐकणाराही तोलामोलाचा असतो. एकानं बिबट्या काढला की दुसरा वाघ सोडतो. पण आयर्लंडात, लिक्सलिपला येऊन तेरा वर्षं झाली तरी त्याची ही खोड गेली नव्हती. उलट इथल्या थंडीत ती फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी ताजी राहिली होती.

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात त्याची नोकरी गेली. चिपच्या कारखान्यांना माणसं पुरवणारी एक लहानशी कंपनी होती. तिनं एका शुक्रवारी लॅपटॉपवर मीटिंग लावली आणि घरी बसून काम करणारी एकोणीस माणसं अकरा मिनिटांत नुसतीच घरी बसवली. जानेवारीत गाडी विकावी लागली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रतापनं कळवलं की इलेक्ट्रिक गाडीला नंबर लावलाय, जर्मनीत आपल्यासाठी खास रंग घोटताहेत. तेव्हापासून तो रंग घोटणं चालूच होतं. घर चालत होतं सरकारच्या भत्त्यावर आणि वीणाच्या, म्हणजे बायकोच्या, पाळणाघरातल्या अर्ध्या दिवसाच्या पगारावर. तेरा वर्षांत जमवलेली ऐट मात्र पूर्ण वेळ कामावर होती.

घरामागून रेल्वेचे रूळ जात. त्यावरून दिवसातून कितीदा तरी स्लायगोची गाडी धडधडत जाई. लिक्सलिपला ती थांबत नाही, मेनूथला जाऊन पकडावी लागते. पण ती गेली की वीणा हातातलं काम थांबवून म्हणे, "डॉक्टरकाकांकडे कधी जाणार आहेस तू?"

डॉक्टर मुरलीधर आकरे हे मूळचे नागपूरचे, स्लायगोच्या मोठ्या इस्पितळात तीस वर्षं हाडं जुळवून निवृत्त झालेले. लेक स्वरांगी जन्मली त्या डिसेंबरात बर्फानं विमानं बंद होती, वीणाची आई नागपुरात अडकली होती. तेव्हा डॉक्टरांच्या पूर्णिमाकाकू डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन याच गाडीनं आल्या आणि सव्वा महिना राहिल्या. डॉक्टर दर शनिवारी येत, पोरीला मांडीवर घेऊन तिला इस्पितळातल्या भानगडी सांगत. आता काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी डॉक्टरांचा फोन मात्र चुकत नसे.

मे महिन्यात प्रवासावरची बंदी उठली, त्याच रविवारी ते म्हणाले, "प्रताप लेका, मीच येऊ का रे? मला म्हाताऱ्यांचा पास आहे, एक छदाम लागत नाही. सरकार देऊन राहिलं तर घ्यावं. तीस वर्षं टॅक्स भरला, आता गाडीत खिडकीजवळ बसून तो वसूल करतो."

प्रतापनं घराभोवती नजर फिरवली. अंगणात गाडीची रिकामी जागा. भिंतीवर टीव्हीचे चार खिळे; टीव्ही फेब्रुवारीतच गेला होता.

"काका, आत्ता नको. घराला रंग काढलाय. इटलीहून माणूस बोलावलाय, तो भिंत सुकेपर्यंत कुणाला बोलूसुद्धा देत नाही."

डॉक्टर खो-खो हसले. जूनमध्ये ते जिन्यावरून पडले, खुबा मोडला, आणि तिथल्याच एका केअर होममध्ये त्यांची रवानगी झाली. मग सूर बदलला. "एकदा येऊन जा बे. इथं सगळं ग्रँड आहे, माणसंही गोड आहेत, पण आपल्या बोलीत चहाड्या करायला कोणी नाही. जीभ गंजून राहिली माझी."

जायला हवं होतं. पण तिकिटाला पैसे काढून ठेवले की त्यांना घरात दुसरी वाट फुटे. एकदा बॉयलर बिघडला, एकदा स्वरांगीचे बूट. आणि एकदा जाऊन भागणार नव्हतं, तिथं दर पंधरवड्याला माणूस हवं होतं.

अशात वीणानं पाळणाघरातून एक कागद आणला. कमी उत्पन्नाच्या घरांना काउन्सिलकडून रेल्वेची आणि बसची व्हाउचरं. एका घराला सहा प्रवास, संपली की पुन्हा अर्ज. तिनं रात्रीचं जेवण उरकायच्या आत फॉर्म भरला. गेल्या बारा महिन्यांचं उत्पन्न, खरं, पै न पै.

"सही कर आणि मंगळवारी लायब्ररीत देऊन ये. मला सुट्टी नाही."

प्रताप गेला. लायब्ररीच्या दारापाशी मास्क सारखा करून आत पाहतो, तर मदतीच्या टेबलामागे सुलेखावहिनी! मंडळाच्या सेक्रेटरी. वहिनींच्या कानात पडलेली गोष्ट, डब्लिनची लुआस ट्राम सँडीफोर्डला पोचायच्या आत तिथल्या फ्लॅटांमधून चहाबरोबर फिरत असे. गणपतीत मोदकांचा सगळा खर्च दरवर्षी 'देशकर परिवार' करतो, हे पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्याही त्याच.

माणूस कर्ज झाकतो, टक्कल झाकतो. प्रतापनं वीणाचा फॉर्म खिशात झाकला. दाराशी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. त्यातला एक ओढून त्यानं उभ्याउभ्याच भरला. उत्पन्नाच्या रकान्यात, लग्नाच्या बायोडेटात लिहितात तसं पॅकेज लिहिलं. जुना पगार, त्यावर बोनस, त्यावर कधीच न मिळालेले शेअर्स.

"अगं बाई, प्रतापभावजी! तुम्ही इकडे कुठे?"

"म्हटलं बघावं, आमच्या सेक्रेटरीबाईंना काउन्सिल नीट राबवतंय का."

वहिनींनी फॉर्म वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "भावजी, हे कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे हो. तुमच्या या आकड्यात तीन घरं बसतील."

"तेच तर बघायचं होतं! तपासणी चोख आहे की कुणीही येऊन लुबाडतो. टॅक्स आमचा जातो ना. पास झालात वहिनी तुम्ही, शंभरपैकी शंभर."

वहिनी हसल्या, पण जरा उशिरा. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं आणि फॉर्मची घडी घालून टोपलीत टाकला.

घरी वीणानं विचारलं, "दिलास?"

"दिला. सुलेखावहिनीच होत्या टेबलाशी." एवढं मात्र खरं होतं.

"काय म्हणाली सुलेखा?"

"तीन आठवड्यांत पोस्टानं येतील म्हणाली. तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे, म्हणाली."

वीणाचा चेहरा इतका उजळला की प्रतापला क्षणभर वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात मागून स्लायगोची गाडी गेली. तिच्या आवाजात ते राहिलं.

त्यानंतरचे रविवार डॉक्टरांना भरपूर मनोरंजनाचे गेले.

"कुठं अडकला बे?"

"काय सांगू काका! कारखान्यात धुळीचा एक कण शिरलाय. एकच कण, पण पाचशे माणसं पांढरे झगे घालून त्याला शोधताहेत. तो सापडेपर्यंत कुणाला फाटकाबाहेर सोडत नाहीत. मला तर त्याच्या मागावरच्या पथकाचा प्रमुख केलंय."

"अरे बापरे! आणि पकडून काय करणार त्याचं?"

"विमानानं परत पाठवणार. जिथून आला तिथं."

डॉक्टरांना हसून ठसका लागे. पुढच्या रविवारी कण दिसला होता पण निसटला होता. त्याच्या पुढच्या रविवारी तो फितूर झाला होता. मग कुण्या मंत्र्याला आपला कारखाना दाखवायचा होता आणि मंत्री प्रतापशिवाय कुणाशी बोलायला तयार नव्हता. दर फोनला डॉक्टरांचा आवाज थोडा बारीक होत होता, आणि दर फोनला प्रताप गोष्ट थोडी जाड करत होता. शेवटी ते म्हणत, "असू दे, असू दे. तू कामाचा माणूस. सवड झाली की ये." आणि फोन ठेवल्यावर प्रताप खिळ्यांच्या भिंतीकडे पाहत बसे.

वीणा रोज पोस्टमनची वाट पाही. तीन आठवड्यांचे सात झाले. ऑगस्टात एका मंगळवारी ती पाळणाघरातून लवकर निघाली आणि सरळ लायब्ररीत गेली. परत आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"मोदक खाऊन पोट भरलं असेल ना तुझं?"

"काय झालं?"

"सतीशभावजी मार्चपासून घरी आहेत, ठाऊक आहे? सुलेखाचा नवरा. कंपनी बंद पडली त्यांची. व्हाउचरांच्या पहिल्या गठ्ठ्यातली सहा त्यांच्याच घरी गेली. म्हणून तर ती त्या टेबलावर बसते, आपल्या माणसांना लाज वाटू नये म्हणून. त्या दिवशी तुला तेच सांगणार होती. पण तू तिला पास केलंस म्हणे. शंभरपैकी शंभर."

प्रतापनं तोंड उघडलं.

"मला थापा मारल्यास ते राहू दे," वीणा म्हणाली. "तेरा वर्षांत मला त्यांची सवय झालीय. पण तो म्हातारा खरं मानतो रे सगळं. आपला पोरगा किती मोठा झालाय म्हणून रविवारची वाट बघतो. त्याचीच वाट अडवून उभा राहिलास तू."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेली. सुलेखावहिनींनी काही विचारलं नाही. प्रतापनं खरा आकडा लिहिला. हात असा चालत होता जणू दगडावर कोरतोय. वहिनींनी शिक्का मारला. "स्लायगोला ना? पुढच्या आठवड्यात येतील बघा. डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा."

व्हाउचरं आठव्या दिवशी आली, गुरुवारी. सहा, हिरव्या रंगाची, एका साध्या पाकिटात. प्रतापनं ती टेबलावर पसरली, पुन्हा गोळा केली. दर पंधरवड्याला जाण्यायेण्याची एक फेरी, म्हणजे दोन व्हाउचरं, धरली तर ऑक्टोबर लागेपर्यंत पुरतील, आणि मग पुन्हा अर्ज. वीणानं चिवडा करायला घेतला. रविवारपर्यंत थांबायला नको म्हणून त्यानं तिथंच उभं राहून केअर होमला फोन लावला. शनिवारची भेट ठरवायची होती.

नोरीन नावाच्या परिचारिकेनं फोन घेतला. डॉक्टर तिच्याबद्दल नेहमी बोलत; मुरलीधरचं तिनं मर्ली केलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "तुम्हाला कळवलंच नाही कुणी? मर्ली मंगळवारी पहाटे गेले. छातीत कफ झाला होता. शांतपणे गेले."

कढईत दाणे तडतडत होते.

"तुम्ही कोण बोलताय?"

त्यानं नाव सांगितलं.

"तुम्ही ते! कणवाले!" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मी त्यांना गेल्या आठवड्यात विचारलं होतं हो, लिक्सलिपला फोन करू का म्हणून. दोनदा विचारलं. नको म्हणाले. माझा माणूस फार मोठ्या जबाबदारीवर आहे, त्याला मध्येच उठवू नका. काम संपलं की तो आपसूक येईल, म्हणाले."

वीणानं गॅस बंद केला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला विचारावं लागलं नाही.

शनिवारी प्रताप एकटाच गेला. अंत्यविधी इस्पितळातल्या जुन्या मंडळींनी आधीच उरकला होता. डॉक्टरांच्या काही वस्तू घ्यायला कुणीतरी यायला हवं होतं, आणि त्यांच्या खणातल्या एका कागदावर जवळचा माणूस म्हणून मागाहून त्याचंच नाव निघालं होतं. मेनूथला गाडीत चढताना तिकीट तपासनिसानं व्हाउचर उलटसुलट पाहिलं, भोक पाडलं आणि "ग्रँड" म्हणून पुढे गेला. एवढंच. त्याला कुणी हसलं नाही, कुणी मान वळवून पाहिलं नाही. तीन तास प्रताप खिडकीशी बसून होता. मुलिंगार गेलं, लाँगफर्ड गेलं, शॅनन नदी गेली. मे महिन्यात हाच रस्ता एक म्हातारा फुकटात, हसत, उलट्या दिशेनं यायला तयार होता. त्याला इटलीच्या रंगाऱ्यानं अडवलं.

केअर होमच्या दिवाणखान्यात पाचसहा म्हातारी माणसं अंतर ठेवून खुर्च्यांवर बसली होती. नोरीननं दारातूनच सांगितलं, "मर्लीचा माणूस आलाय!" आणि त्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. मयताच्या घरची कळा कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती; एखादा नट गावात यावा तसं झालं. दर सोमवारी डॉक्टर आदल्या दिवशीचा फोन साऱ्यांना इंग्रजीत, साभिनय सांगत असत, हे त्याला तेव्हा कळलं.

"मंत्र्याचं काय झालं शेवटी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

प्रताप त्यांच्यासमोर उभा राहिला. इथं तरी, डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, एकदा नीट बोलायचं असं त्यानं बॅलीमोट स्टेशनापासून ठरवलं होतं.

"मंत्री नव्हता," तो म्हणाला. "कारखानाही नाही. दहा महिने मला नोकरी नाही. गाडी विकली. टीव्ही विकला. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून मी आलो नाही, आणि ते सांगायची लाज वाटली. आज सरकारच्या फुकट व्हाउचरवर आलोय. हे बघा."

त्यानं भोक पाडलेला हिरवा कागद वर धरला.

मग कोपऱ्यातली एक आजी फिस्सकन हसली. तिच्या पाठोपाठ तो म्हातारा, मग सगळेच. म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली. "कागदसुद्धा छापून आणलाय पठ्ठ्यानं!"

"मी खरं सांगतोय," प्रताप म्हणाला, तर ते आणखीच हसले.

"मर्लीनं बजावलं होतं आम्हाला," नोरीन डोळे पुसत म्हणाली. "म्हणाले, सगळ्यात मोठी थाप तो अगदी रडवेल्या चेहऱ्यानं मारतो."

प्रतापनं कागद खाली घेतला. मास्कच्या वर त्याचे नुसते डोळे दिसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी हसून आलेलंही तसंच दिसतं. कुणीतरी त्याला खुर्ची सरकवली, चहा आणला. म्हातारी माणसं कानामागे हात धरून पुढे झुकली होती. आता तो पुढचं सांगेल म्हणून वाट पाहत होती.