दोनशे चाळीस चकत्या

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. बसा, पण घाई करू नका. आताशा मला कुठलीच गोष्ट भरभर जमत नाही, सांगणेसुद्धा.

एका लोहाराने मला घडवले. तापवले, ठोकले आणि पात्याला पाणी दिले. लाकडी मुठीला तीन पितळी खिळे ठोकले. तेव्हा माझे पाते तीन बोटे रुंद होते. आज ते दीड बोट उरले आहे. सुरीचे आयुष्य असेच असते. धार लावली की झिजायचे आणि नाही लावली की गंजायचे.

एका मोठ्या खानावळीतल्या स्वयंपाकीणबाईंनी मला विकत घेतले. त्यांच्या हातात मी बावीस वर्षे काढली. रोज सकाळी टोपलीभर कांदे, मग कोबी, मग गाजरे. बाईंची धाकटी बहीण वारली, तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी त्यांनी पदरात घेतली. ती भाची खानावळीच्या ओट्याखाली बसून मटार सोलत मोठी झाली. बाई कामाला वाघ होत्या, पण जिभेला हाड नव्हते.

मोठेपणी भाचीने दूध, तूप, अंडी, मांस सगळे सोडले. एकदा घरी पाहुणे असताना बाई फाडकन म्हणाल्या, "पाला खाऊन कुणाचं पोट भरलंय गं? एवढी वर्षं मी काय तुला माती खायला घातली?" भाची भरल्या ताटावरून उठली. पुढची दोन वर्षे ती त्या घरात आली नाही.

त्याच काळात बाईंच्या बोटांचे सांधे धरले. खानावळ सुटली. मला त्यांनी फडक्यात गुंडाळून घरी आणले आणि खणात टाकले. कुणी माझ्या टोकाने डब्याचे झाकण उचकटले, कुणी दोरी कापली. ओली तशीच ठेवली. मी तक्रार केली नाही. खरे सांगायचे तर मलाही कंटाळा आला होता.

एके दुपारी दार वाजले. भाची आली होती. चपला न काढता दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, माझं लग्न ठरलंय. मोजकी माणसं, दुपारचं जेवण. सुरुवातीला सगळ्यांना द्यायची पहिली ताटली तुझ्या हातची हवी. पण शेगडी पेटवायची नाही. नुसत्या कच्च्या भाज्या आणि काजू-अक्रोड."

"म्हणजे शेळीपुढे टाकतात तसं?" बाईंच्या तोंडून निघून गेले.

भाची जायला वळली. बाईंचा चेहरा मी खणाच्या फटीतून पाहिला. बोलून बसलेल्या माणसाचा असतो, तसा होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "माणसं किती?"

"चाळीस."

"मग बीट घेऊन ये. एकसारखी बघून घे. लहानमोठी नकोत."

दुसऱ्या दिवशी नमुना करून पाहायचे ठरले. कच्च्या बिटाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, दोन चकत्यांच्या मध्ये भिजवलेल्या काजूचे वाटण. बाईंनी मला उचलले. बीट टणक होते आणि मी बोथट. मी त्यावरून घसरले ती थेट बाईंच्या बोटात गेले. बिटाच्या रसात रक्त कळलेसुद्धा नाही. पाटावर थेंब वाढत गेले तेव्हा भाचीच्या लक्षात आले.

बोट बांधून घेताना बाईंचे डोळे भरून आले. दुखले म्हणून नव्हे. "गेला गं हा हात कामातून," त्या म्हणाल्या. "तू दुसऱ्या कुणाला तरी सांग."

मला ओरडून सांगावेसे वाटले की, बाई, दोष हाताचा नाही, माझा आहे! पण सुरीला तोंड कुठले?

भाचीने मला उचलून उजेडात धरले. अंगठा पात्यावर आडवा फिरवला. "हात कसला गेलाय? हिला धारच नाहीये. दगड कुठंय तुझा?"

दगड ओला केला गेला. बाई शेजारी बसून सांगत होत्या, "एवढी उभी नको धरू. जरा निजव. आता सावकाश ओढ." तासभर त्या दोघी माझ्यावर वाकून बसल्या होत्या. दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या, तेवढे त्या पाते धरायच्या कोनाबद्दल बोलल्या. माझे पाते आणखी थोडे झिजले. पुढची चकती अशी उतरली की तिच्यातून पाटाची रेघ दिसत होती.

लग्नाच्या सकाळी मी दोनशे चाळीस चकत्या कापल्या. निम्म्या बाईंच्या हाताने, निम्म्या भाचीच्या. नवरी मुलगी कोपरापर्यंत लालभडक झाली होती. मीठ आणि लिंबू लावल्यावर चकत्या नरम पडल्या. मध्ये वाटण भरून कडा दाबल्या की इवल्या उशा तयार झाल्या. एका ताटलीत तीन. वर अक्रोडाचा चुरा आणि काकडीची एक लांब पातळ पट्टी. वाटण चाखून बाई म्हणाल्या, "लिंबू कमी पडलंय." पिळले. पुन्हा चाखले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मी तेव्हा बोलायला नको होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"आधी खा," भाची म्हणाली आणि तिने एक उशी मावशीच्या तोंडात घातली.

चाळीस ताटल्या गेल्या आणि चाळीस रिकाम्या परत आल्या. पाहुण्यांनी बाईंचे कौतुक केले, नवरीचे केले, बिटाचेही केले. माझी आठवण कुणाला झाली नाही. त्या आनंदाच्या गडबडीत मी सालांच्या आणि पिळलेल्या लिंबांच्या ढिगाखाली दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिले. तेव्हाचे काळे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. राग नाही. सवय आहे.

आता मी भाचीकडे असते. बाई दर आठवड्याला जेवायला येतात आणि लिंबू कमी पडले असेच म्हणतात. माझ्यात आणखी फार धारा उरल्या नाहीत.

मित्रांनो, एकच मागणे आहे. कुणाचा हात चालेनासा झाला, तर त्याला निकामी म्हणण्याआधी त्या हातात काय दिले आहे ते पाहा. आणि आमच्यासारख्यांकडून काम झाले की आम्हाला धुवा, कोरडे पुसा आणि थोडा वेळ नुसते पडून राहू द्या. लोखंड झाले म्हणून काय झाले, थकवा यायचा तो येतोच.