माघारीची चढण आणि झेंडूची माळ

तेजस्वीनं गेल्या पावसाळ्यात कुंदा सोडला. बेळगावात राहून ही खव्याची मिठाई सोडायची म्हणजे विहिरीत राहून पाणी सोडण्यासारखं, पण कारणच तसं होतं. काकतीच्या मागच्या डोंगरात ती भाड्याच्या एटीव्हीवर, मोटारसायकलसारख्या हँडलच्या उघड्या गाडीवर, फिरायला गेली होती. गाडीला चाकं चार, पण जोर लावायची मागची दोनच. पुढची दोन नुसती सोबतीला आल्यासारखी. 'माघारी' नावाच्या चढणीवर ती गाडी अर्ध्यात रुतली आणि शेवटी तेजस्वीच्या चुलत्यानं, रवळूकाकांनी, बैलजोडी जुंपून तिला आणि गाडीला, दोघींना खाली ओढलं. चुलतभाऊ सौरवनं व्हिडिओ काढला. त्यात बैलांचे चेहरे तिच्यापेक्षा बरे आले होते.

तेव्हापासून सौरव फोनवर 'हॅलो' म्हणायच्या जागी बैल हाकल्यासारखं "च्यक् च्यक्" करायचा. तेजस्वीनं मनाशी ठरवलं, स्वतःची गाडी घेईन, माघारी चढेन आणि माथ्यावर उभी राहूनच कुंदा खाईन. टिळकवाडीतल्या तिच्या ऑफिसात वर्षभर वाढदिवस झाले, कुंद्याचे डबे फिरले. "शुगर आहे का गं?" कुणीतरी काळजीनं विचारलं.

"नाही. चढण आहे."

दसरा तोंडावर आल्यावर ती शोरूममध्ये गेली. तिथला नागेंद्र तिला थेट सगळ्यात थोराड गाडीपाशी घेऊन गेला. "आक्का, डोळे झाकून हीच घ्या. झाड उपटत्ये ही."

"मला झाड न्हाय उपटायचं. ती मधली काय म्हणतीया?"

"ती मिडियम. चारी चाकं ओढतात, पुढची दोन लॉक केली की एकाच जोरानं फिरत्यात, उताराला इंजिनच धरून ठेवतंय. पण आक्का, बघणाऱ्यावर छाप पडत न्हाय."

"दोन्ही माघारीवर आणा. चढंल ती घेणार."

"तिथं नको वो, गाड्या नव्या हायत!"

"म्हणूनच."

खंडेनवमीला दोन्ही गाड्या टेम्पोतून गावात उतरल्या. तेजस्वीची आत्या अंबुबाई सकाळपासून दिसेल त्या लोखंडाची पूजा करत सुटली होती. नांगर झाला, विळे झाले, मिक्सरही झाला होता.

"टेम्पोतनं का आणल्या रं? लंगडत्यात व्हय?"

"रस्त्यावर चालवायची परवानगी न्हाय आत्या," सौरव म्हणाला. "डोंगरातच चालत्यात."

"म्हंजे लाजाळू हायत," असं म्हणून आत्यानं दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. झेंडूची माळ एकच उरली होती. मनगटाएवढी जाड माळ. ती तिनं मधल्या गाडीच्या तोंडावर, एसटीला घालतात तशी, चांगली गच्च बांधली.

आधी नागेंद्र थोराड गाडीवर बसला. माघारीच्या मध्यावर दोन खडक आहेत. त्यांच्यातलं अंतर तेजस्वीनं आदल्या आठवड्यात रवळूकाकांच्या बैलांचं जू आडवं धरून मोजलं होतं.

"तुमची गाडी जुवापेक्षा रुंद हाय," ती म्हणाली.

"रेस दिली की जातंय आक्का."

रेस दिली. गाडी गेली, आणि आत जाऊन तिथंच राहिली, पोतं घेऊन एसटीच्या दारात अडकलेल्या माणसासारखी. रवळूकाकांनी बैल वर नेऊन ती खाली ओढून काढली. सौरवनं फोन काढला.

मग तेजस्वी. चारी चाकांनी माती धरली, दोन्ही खडक गुडघ्यांना न लागता मागं पडले. वरचा सुट्या दगडांचा पट्टा सुरू झाला आणि समोर लाल दिवा लागला. इंजिन तापलं होतं. गाडीचा जोरच गेला.

खालून आवाज आला, "च्यक् च्यक्!"

"आलो गं पोरी," रवळूकाकांनी कासरा उचलला.

"काका, बैल हितं आणला तर खंडेनवमीचं जेवणार न्हाय मी!"

ती उतरली. आधी मागच्या चाकांना दगड लावले. मग पुढं जाऊन बघते तर इंजिन गार ठेवणाऱ्या जाळीच्या तोंडावर माळ ठाण मांडून बसलेली. निम्म्या पाकळ्या आत ओढल्या गेलेल्या आणि सगळ्या चढणीला देवळातल्यासारखा वास. तिनं गाठ सोडली, पाकळ्या बोटांनी उकरून काढल्या. आता माळ ठेवायची कुठं? पूजेची माळ, पायदळी टाकता येत नाही. तिनं ती सरळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि दिवा विझायची वाट बघत, हेल्मेट घालून, हारासकट दगडावर बसली.

"अगं बया," खालून आत्या ओरडली, "लगीन लावलंस व्हय गं गाडीसंगं?"

"आक्का, मोठी गाडी तापत न्हाय!" नागेंद्रनं संधी साधली.

"ती वर बी येत न्हाय!"

दिवा विझला. तिनं पुढच्या चाकांचं लॉक लावलं, दगड काढले, आणि अंग पुढं झोकून हळूहळू रेस दिली. चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली, खडी मागं उडाली, मग पुढचं डावं चाक कशाला तरी चिकटलं आणि गाडी एकेक हात वर सरकत राहिली. तेजस्वीनं दात इतके आवळले होते, की माथा आल्यावर ते सोडायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"हीच!" ती वरून ओरडली. "हीच घेतली!"

"रंग कुठला आक्का?"

"चिखलाचा! पुसू नका!"

मग तिला कुंदा आठवला. सकाळी आणलेला डबा खाली, आत्याच्या पिशवीत. पिशवी जुवाला अडकवलेली.

ती उतरून आली. उतारावर इंजिननं गाडी शहाण्यासारखी धरली. खाली डावा बैल जिभेनं नाक पुसत होता आणि चाटून रिकाम्या केलेल्या डब्यात त्याचं तोंड दिसत होतं.

"दोनदा वढलंय त्येनं," रवळूकाका बैलाच्या वतीनं म्हणाले. "गेल्या साली तुला, यंदा ह्या सायबाला."

ते खरंच होतं. पण ठरवल्याप्रमाणे कुंदा माथ्यावर खायचा होता, आणि डोंगर चढणाऱ्या गाडीला मिठाईच्या दुकानापर्यंत जायची परवानगी नव्हती. तेजस्वीनं सौरवची स्कूटर घेतली, सौरवला मागं बसवलं आणि गळ्यातल्या हारासकट बेळगाव गाठलं. दुकानदारानं हार बघून आधी अभिनंदन केलं, मग सौरवकडं बघून जरा कमी केलं.

ऊन कलायच्या आत ती परत आली. मधली गाडी चढणीकडं तोंड करून उभी होती, आणि तिच्यासमोर आत्या, हातात नवी, पहिलीपेक्षा जाड माळ.

"आत्या, ती डाव्या बैलाला घाल," तेजस्वी म्हणाली. डबा छातीशी धरून तिनं किल्ली फिरवली.