सूरवाल्यांच्या घरची फोडणी

घरमालकीणबाईंनी पहिला नियम मला दारातच सांगितला. माझी बॅग अजून जिन्याखालीच होती.

"स्वयंपाकघरात काही तळायचं नाही, परतायचं नाही. वास पडद्यांत बसतो आणि मग निघता निघत नाही. उकडून काय हवं ते खा."

मी मान डोलावली. त्या वेळी मला पाठ टेकायला जागा हवी होती. उकडून खायचं म्हणजे काय, ते नंतर कळणार होतं.

खोली छपराखाली होती. छत इतकं उतरतं की सकाळी झोपेत उठून बसलं की डोकं हमखास आपटायचं. त्यामुळे मला गजर लावायची गरजच पडली नाही. मी परदेशात मातीचा अभ्यास करायला गेले होते. दिवसभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती भट्टीत वाळवायची, एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून गाळायची, प्रत्येक चाळणीत किती उरली त्याचं वजन करायचं. संध्याकाळी नखांत माती घेऊन घरी यायचे, तेव्हा घरमालक पुढच्या खोलीत पियानोचं पोट उघडून बसलेले असायचे. पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. निवृत्त झाले तरी ओळखीचे लोक वाद्य दुरुस्तीला आणून टाकतच. आईला फोनवर सांगताना मी त्यांचं नाव सूरवाले ठेवलं आणि तेच कायम झालं.

आईचा फोन दर रविवारी. पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवतेयस ना? की नुसती जगतेयस?"

"जेवतेय गं. बटाटा उकडला, अंडं उकडलं, भात उकडला."

"आणि मी दिलेली मोहरी? हिंग? एवढं मोज्यात गुंडाळून दिलं ते काय मोज्याला वास यावा म्हणून?"

मोज्याला वास आलाच होता. ती जोडी मी आजतागायत घातलेली नाही.

सूरवाल्यांशी माझी खरी ओळख मिठामुळे झाली. दुकानाच्या दारात मिठाच्या मोठ्या पिशव्या रचलेल्या दिसल्या. आतल्या इवल्याशा डबीपेक्षा हे बरं, अशा हिशोबाने मी एक पिशवी खांद्यावर मारून आणली आणि डाळीत मूठभर मीठ टाकलं. पहिल्याच घासाला दाताखाली खडा कचकन वाजला. सूरवाले टेबलाच्या पलीकडून पिशवीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"अगं, हे बर्फावर टाकायचं मीठ! लोक घसरू नयेत म्हणून फुटपाथवर टाकतात."

"तरीच!" मी म्हणाले. "मातीचा अभ्यास घरापर्यंत आला म्हणायचा."

बाई चुलीजवळ उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, नवऱ्याकडे बघत राहिल्या. नंतर जिन्यात मला गाठून हळूच म्हणाल्या, "वर्षभरात ते असे हसले नव्हते."

मग त्यांनीच सांगितलं. आदल्या हिवाळ्यात सूरवाल्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी आणि मटण म्हणजे दोरखंड. बाईंच्या हाताला चव होती, सगळी गल्ली त्यांचं नाव घ्यायची. आता त्या ताट वाढायच्या आणि सूरवाले अर्ध्यात बाजूला सारून म्हणायचे, "छान झालंय, पण भूक नाही." खोटं बोलणं त्यांना मुळीच जमत नसे.

मार्चच्या सुमारास बाई बहिणीकडे गेल्या, चार दिवसांसाठी. दुसऱ्याच संध्याकाळी सूरवाले स्वयंपाकघराच्या दारात आले. मी बटाटे उकडत होते.

"तुझी आई फोनवर रागावते कशाबद्दल?"

"फोडणी देत नाही म्हणून."

"म्हणजे काय करतात?"

मी हातवारे करून सांगितलं. तेल तापवायचं, त्यात मोहरी टाकायची, ती तडतडते, मग मिरची, हिंग.

"तडतडते?" त्यांनी कान टवकारले. "मग करून दाखव. वासाचं काय, मला तो येत नाही. आणि पडदे काही बोलणार नाहीत."

पडदे बोलणार होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण मलाही किती दिवसांत फोडणीचा आवाज ऐकायला मिळाला नव्हता! मी कढल्यासारखं एक छोटं भांडं शोधलं, तेल तापवलं, मोहरी सोडली. सूरवाले वाकून ऐकत होते, तार लावताना वाकायचे तसेच. एक दाणा उडून त्यांच्या चष्म्यावर बसला. मी लाल मिरच्या मोडून टाकल्या, हिंग टाकला आणि सगळं चर्र करून डाळीवर ओतलं. वर कच्चा कांदा आणि लिंबू.

त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. नाक लाल झालं, कपाळावर घाम आला. मी घाबरून पाणी पुढे केलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. "इथे काहीतरी आहे!"

वाटी संपली, दुसरी घेतली. मी तिसरी वाढत होते तेवढ्यात दार वाजलं. बहिणीशी काहीतरी बिनसलं म्हणून बाई दोन दिवस आधीच परतल्या होत्या.

त्या कोट न काढताच स्वयंपाकघरात आल्या. घरभर खकाणा, खिडक्यांवर वाफ, भिंतीवर मोहरीचे ठिपके. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. पण बाईंचं लक्ष भिंतीकडे नव्हतं. नवरा बोटाने वाटी पुसून खात होता, त्याच्याकडे त्या बघत होत्या. त्या तशाच कोटात वर निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

सकाळी उठून मी भिंत घासत होते. बाई खाली आल्या. डोळे सुजलेले.

"राहू दे ते," म्हणाल्या. "एक सांग. मी वर्षभर रोज जीव ओतून रांधते, ते त्यांना कागदासारखं लागतं. तुझं एका दिवसात कसं गोड लागलं?"

प्रश्नात राग नव्हता, म्हणून तर उत्तर देणं अवघड गेलं.

"गोड कुठलं, बाई. तिखट लागलं. तिखटाला नाक लागत नाही, ते जिभेलाच चावतं. लिंबू आंबट लागतं, कांदा कुरकुरतो. तुमच्या हातची चव सगळी वासात आहे आणि तिथलंच दार बंद झालंय. तुमचं काही चुकलेलं नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. घासायचं फडकं माझ्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "मग शिकव मला."

त्यानंतरचे महिने आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं. पडदे काढून धुतले आणि कपाटात गेले. बाई सूप करायच्या ते नेहमीचंच, पण वरून मोहरी-मिरचीची फोडणी ओतायच्या, झाकण ढालीसारखं पुढे धरून. कधी भाजलेले दाणे कुटून घालायच्या, कधी व्हिनेगर. सगळंच जमलं असं नाही. एकदा हिंग चमचाभर पडला आणि आम्ही तिघं थंडीत अंगणात बसून जेवलो. सूरवाल्यांचा वास काही परत आला नाही. पण ते जेवायच्या वेळेला स्वतःहून टेबलाशी येऊन बसू लागले आणि बाई पुन्हा गुणगुणू लागल्या. "बेसूर गाते," ते मला डोळा मारून सांगायचे.

बदल्यात बाईंनी मला पाव शिकवला. काळसर, जाड सालीचा, आदल्या दिवशी भिजवून ठेवायच्या पिठाचा. "मातीवाली ना तू? मग मळ नीट," म्हणत माझ्या हातावर हात ठेवून मळायला लावायच्या. तो भट्टीतून निघाला की साल तडकल्याचे बारीक आवाज यायचे. आम्ही लोणी लावून उभ्याउभ्याच खायचो.

शिक्षण संपलं, मी परतले. तीन वर्षांनी सूरवाले गेले. बाईंचा फोन आला. "शेवटच्या आठवड्यातही मिरची मागत होते," एवढंच नीट बोलल्या.

फोन ठेवल्यावर मला त्या पावाची अशी आठवण आली की सांगता सोय नाही. आईने ते चेहऱ्यावरून ओळखलं. घरात भट्टी नव्हती. तिने कुकरची शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं, मी सांगेन तसं पीठ मळलं. पाव निघाला तो विटेसारखा. बाबांनी तो बत्त्याने फोडला.

"हेच खायचीस का गं तिकडे?" आईने विचारलं.

"साधारण," मी म्हणाले. मग आम्ही ते तुकडे चहात बुडवून खाल्ले, सगळे.